सुतारकामाचा ठेका घेताय? नोंदणी-परवान्यातल्या या चुका टाळा

"सुतारकामाच्या कंत्राटदाराचं लायसन काढायचंय, किती खर्च येईल?" असं विचारत येणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला मी आधी बसवतो, चहा सांगतो आणि मग उत्तर देतो: महाराष्ट्रात असं एक लायसन नाही. वायरिंगचा ठेका घ्यायला राज्याचा विद्युत ठेकेदार परवाना लागतो, नळजोडणीला महापालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. सुतारकामाला तसं काही नाही. तेव्हा कोणी पाच-सात हजार घेऊन 'कार्पेंटर काँट्रॅक्टर लायसन' देतो म्हणाला, तर शॉप अ‍ॅक्टची (दुकान-आस्थापना कायद्याची) पावती आणि उद्यमचं (केंद्राच्या लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तो तुमच्या हातात ठेवणार, एवढंच. त्यातली उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते.

पीएम विश्वकर्माच्या कार्डाचंही तेच. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये, 5 टक्के व्याजाने कर्ज हे सगळं मिळतं आणि ते जरूर घ्या. पण ते कार्ड दाखवून कंपनीच्या ऑफिसचं काम मिळेल असं समजू नका.

लायसन नाही म्हणजे काहीच लागत नाही, असं मात्र नाही. माल कोण घेतं, हाताखाली किती माणसं आहेत आणि काम पार्टीच्या (म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या) घरात होतं की तुमच्या गाळ्यात, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तुमची नोंदणी ठरते. बहुतेक मिस्त्री हे प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत. पार्टीने मागितला तो कागद धावपळ करून काढायचा, अशीच सवय पडलेली असते.

40 लाखांचा घोळ

सगळ्यात महागात पडणारी चूक जीएसटीची. "40 लाखांपर्यंत जीएसटी नाही," हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं. ती मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे. खुर्च्या-टेबलं गाळ्यात बनवून नुसती विकत असाल तर ठीक. पण भिंतीला ठोकून बसवलेलं किचन, वॉर्डरोब, पॅनेलिंग, फॉल्स सीलिंग ही कामं सेवेत, म्हणजे वर्क्स काँट्रॅक्टमध्ये धरली जातात आणि सेवा आली की मर्यादा 20 लाखांवर येते. ती पॅनवर मोजतात. साइट पुण्यात असो की साताऱ्यात, सगळं एकत्र.

माझ्याकडे आलेल्या एका मिस्त्रीची वर्षाची उलाढाल 26 लाख होती. 40 च्या आत आहोत म्हणून तो निवांत होता. वरच्या 6 लाखांवर 18 टक्के, म्हणजे 1 लाख 8 हजार रुपये कर निघाला आणि व्याज वेगळं. पार्ट्यांकडून तो कर घेतलाच नव्हता, त्यामुळे सगळा स्वतःच्या खिशातून गेला. वही उघडून बघितल्यावर जास्त वाईट वाटलं. त्या 26 लाखांतले जवळजवळ 11 लाख नुसते प्लाय, लॅमिनेट आणि हार्डवेअरचे होते. पार्टी पैसे याच्या खात्यात टाकायची, हा दुकानदाराला द्यायचा, बिल याच्या नावावर. पार्टीने थेट दुकानातून माल घेतला असता आणि बिल पार्टीच्या नावावर झालं असतं, तर ती रक्कम याच्या उलाढालीत आलीच नसती. मजुरीने काम करणाऱ्यांनी एवढं तरी पाळावंच: मालाचं बिल पार्टीच्या नावावर, पैसेही पार्टीच्याच खात्यातून.

मर्यादा ओलांडली की 30 दिवसांत अर्ज करायचा. नंबर मिळाल्यावर काम असो-नसो, रिटर्न भरायचंच. शून्य रिटर्नलाही उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये लागतात. शिवाय रिटर्न थकत गेलं की नोंदणी रद्द होते. आदेशानंतर 90 दिवसांत ती पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, पण त्याआधी सगळी थकलेली रिटर्न भरावी लागतात.

आणि कृपा करून मित्राच्या जीएसटी नंबरवर बिल देऊ नका. "दोन टक्के देतो, तुझं बिल दे," असं सर्रास चालतं. काम एकाने केलं आणि बिल दुसऱ्याने दिलं, तर ते बोगस बिल ठरतं. त्यावर 10,000 रुपये किंवा कराची रक्कम, यात जे जास्त असेल तेवढा दंड आहे. अडकतो आधी तो मित्र.

शॉप अ‍ॅक्ट, पाटी, व्यवसाय कर

2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे माणसं कमी असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. तीही धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत. ही रेषा दहा कामगारांची होती, ती वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. गाळा भाड्याचा असेल तर मालकाचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेवा, ऐन वेळी ते मिळत नाही. गाळ्यावरची पाटी मराठीत, देवनागरीत हवी.

व्यवसाय कराचे नंबर दोन असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक तुमचा स्वतःचा, वर्षाला 2,500 रुपये, 30 जूनपर्यंत. दुसरा तुम्ही ज्यांना पगार देता त्यांच्यासाठी, त्यांच्या पगारातून कापून भरायचा. पहिला काढून लोक थांबतात आणि दुसऱ्याची नोटीस दोन-तीन वर्षांनी येते.

उद्यम भरताना एक जागा नीट बघा. सायबर कॅफेवाला घाईत कुठलाही व्यवसाय कोड टाकतो. लाकडी फर्निचर बनवत असाल तर 31001, साइटवर जाऊन दारं-खिडक्या, किचन बसवत असाल तर 4330 चा गट. दोन्ही करत असाल तर दोन्ही टाका. शिवाय उद्यम कामाची ऑर्डर घेण्याआधी काढा. पैसे अडकल्यावर काढलेलं प्रमाणपत्र मागच्या थकलेल्या बिलांच्या वसुलीला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. त्यावर पुढे वाद चालू आहे, पण आपण त्या वादात पडायचंच कशाला?

हाताखालच्या माणसांची नोंद

याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण बाकीच्या चुकांत नुसते पैसे जातात.

एका फ्लॅटचं काम चालू होतं. कटर मशीनचा गार्ड काढून ठेवलेला, कारण पट्टी बारीक कापायची होती. हेल्पर विशीतला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मिस्त्री माणूस चांगला. त्याने बायकोचे दागिने गहाण टाकून दवाखान्याचं बिल भरलं. नंतर पोराच्या घरच्यांनी नुकसानभरपाई मागितली तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, तो माझा कामगार कुठे? रोजंदारीवर होता." रोजंदारीवर असला तरी तो तुमचाच कामगार. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू नसेल तर कामावरच्या अपघाताची भरपाई कामाला लावणाऱ्यावर येते. त्यासाठी वर्कमेन कॉम्पेन्सेशन नावाची विमा पॉलिसी मिळते. पाच-सहा माणसांचा हप्ता एका बऱ्या ड्रिल मशीनच्या किमतीच्या आसपास असतो. साइट सुरू करण्याआधी ती काढा आणि गार्ड मशीनवरच राहू द्या.

ईएसआय 10 माणसांवर (पगार महिना 21,000 पर्यंत), पीएफ 20 माणसांवर लागतो. इथे हमखास होणारी चूक अशी की मिस्त्री प्रत्येक साइटची माणसं वेगळी मोजतो. तीन साइटवर चार-चार कारागीर म्हणजे बारा झाले. उलटी चूकही बघितली आहे: कंपनीचं काम मिळावं म्हणून पीएफचा कोड काढला, काम संपलं, आणि कोड तसाच उघडा ठेवून विसरला. काम संपलं की कोडचं काय करायचं ते लगेच ठरवा, तो पडून राहू देऊ नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या कायद्यांच्या नावाने छापलेले फॉर्म कोणी दिले तर भरण्याआधी विचारून घ्या.

आता बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. सुतारकाम त्यांच्या कामांच्या यादीत आहे. 18 ते 60 वयाच्या आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस असं काम केलेल्या कारागिराची नोंद होते. पहिली ते सातवीच्या मुलांना वर्षाला 2,500 रुपये मिळतात, कामावर मृत्यू झाला तर कुटुंबाला 5 लाख. त्यासाठी 90 दिवसांचा दाखला लागतो आणि तो तुम्ही देऊ शकता. बरेच मिस्त्री सही करायला घाबरतात. "सही केली तर मीच अडकेन," म्हणतात. खऱ्या कामाचा दाखला दिल्याने कोणी अडकत नाही. ज्याने तुमच्याकडे रंधा कधी धरलाच नाही, त्याला पाचशे रुपये घेऊन दाखला दिलात तर मात्र अडकाल. हजेरीची वही ठेवा, साधी शाळेची वही चालेल. नाव, तारीख, साइट, दिलेली मजुरी आणि उचल. दाखला देताना त्या वहीवरून दिवस मोजा. दरवर्षी नूतनीकरण लागतं, त्याची आठवणही तुम्हीच करून द्या, कारण कारागीर गावाला गेला की विसरतो.

लाकूड कुठून आलं

प्लाय आणि चिरलेलं लाकूड वापरत असाल तर वखारीचं बिल जपून ठेवा, तेवढं पुरतं. पण गाळ्यात आरा बसवून ओंडके चिरायला लागलात, तर वन विभागाचा परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या आदेशापासून नव्या सॉ मिलवर कडक बंधनं आहेत. गावाकडच्या शेतातला साग पाडून टेम्पोत घालून आणू नका. तोडीची परवानगी आणि वाहतूक पास दोन्ही हवेत, नाहीतर नाक्यावर गाडीसकट माल अडकतो.

ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो?

अर्ध्या अडचणींचं मूळ इथे सापडतं. एजंटने उद्यम, शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी सगळीकडे स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल टाकलेला असतो. नोटीस त्याला जाते, तुम्हाला नाही. एकाची जीएसटी नोंदणी आठ महिने बंद होती आणि पार्टीने बिल परत पाठवलं तेव्हा त्याला कळलं.

आज संध्याकाळी हे करून बघा. प्रत्येक पोर्टलवर जाऊन 'पासवर्ड विसरलो' दाबा आणि ओटीपी कुठे येतो ते पाहा. तुमच्या फोनवर आला तर छान. नाही आला तर आधी एजंटकडे गोडीत मागा. बहुतेक जण देतात. देत नसेल तर जीएसटीसाठी तुमच्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे पॅन, आधार आणि जागेचा पुरावा घेऊन जा, मोबाइल-ईमेल बदलून मिळतो. उद्यममध्ये आधारच्या ओटीपीने दुरुस्ती होते, म्हणून आधारला तुमचा चालू नंबर जोडलेला हवा. आधारवर 'सुतार', पॅनवर वडिलांच्या नावात फरक, बँकेत तिसरंच स्पेलिंग असं असेल तर ते याच्याही आधी सरळ करा. पॅन-आधार जोडणी राहिली असेल तर कंपनी तुमच्या बिलातून 1 टक्क्याऐवजी 20 टक्के टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा आयकर) कापेल.