दातांवरचे कीटण आणि कबरीतली माती: सूक्ष्म वनस्पतिकण वाचायला कसे शिकावे

प्राचीन माणूस काय खात होता आणि मृतासोबत काय ठेवत होता, हे सांगणारे सूक्ष्म वनस्पतिकण मुख्यतः तीन प्रकारचे असतात: परागकण, पिष्टकण म्हणजे स्टार्चचे कण, आणि फायटोलिथ म्हणजे वनस्पतीच्या पेशींत साचलेल्या सिलिकेचे कण. पान कुजते आणि दाणा उंदीर नेतो, पण सिलिका चुलीच्या आगीतही टिकते. पिष्टकण तर दातांवरच्या कीटणात अडकून हजारो वर्षे राहू शकतात. हे कण ओळखण्याचा सराव मुंबईतल्या घरात बसूनही करता येतो. मात्र प्राचीन स्थळावरची माती स्वतः उकरू नये. संरक्षित जागी परवान्यावाचून उत्खनन करण्यास १९५८ च्या कायद्याने मनाई आहे.

सुमारे ४०० पट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि आच्छादक काचा एवढे साहित्य पुरते, आणि ते प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत मिळते. ध्रुवित म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशासाठी बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पातळ फिल्म काढून तिचे दोन तुकडे करावेत, एक काचपट्टीखाली व दुसरा नेत्रभिंगावर ठेवावा, आणि सगळे काळे दिसेपर्यंत वरचा तुकडा फिरवावा.

सुरुवात बटाट्यापासून करावी. ताज्या कापाचा ओला भाग काचपट्टीला हलकेच टेकवून वर पाण्याचा एक थेंब टाकला, की काळोखात पांढरे लंबगोल कण चमकतात आणि प्रत्येकावर एक काळी फुली दिसते. ही फुली कणाच्या मध्यावर नसून एका टोकाकडे सरकलेली असते, आणि मोठे कण १०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जातात. त्यानंतर तांदूळ पाहावा: कण ३ ते ८ मायक्रॉनचे, कोनदार, एकमेकांना खेटून बसलेले. गव्हात मोठे चपटे आणि बारीक गोल असे दोन्ही कण सोबत सापडतात. ओली हळद, आले, सुरण, कोनफळ, आणि थंडीत बाजारात येणारे करांदे यांच्या पट्ट्याही करून ठेवाव्यात. माझ्या मते कंदांचा संग्रह धान्यांच्या संग्रहापेक्षा मोलाचा आहे, कारण ठाणे-पालघरच्या वारली आणि कातकरी कुटुंबांना आजही ठाऊक असलेली रानकंदे जमिनीत जळके दाणे सोडत नाहीत. मागे राहिलाच, तर पिष्टकण राहतो.

आता तोच बटाटा उकडून पाहावा. कण फुगतात, त्यांचा आकार विस्कटतो आणि फुली नाहीशी होते. याच खुणेवरून अन्न शिजवले होते की नाही याचा अंदाज बांधतात. इराकमधील शानिदार गुहेतल्या एका निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या मानवजातीतल्या, माणसाच्या दातांवर बार्लीच्या जातकुळीतले असे शिजलेले कण सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. पेरूच्या नांचोक खोऱ्यातल्या प्राचीन रहिवाशांच्या दातांवर भोपळावर्गीय फळे, घेवडा, भुईमूग आणि पाकाय नावाच्या शेंगांचे कण मिळाले. हरियाणातल्या फरमाणा येथे तर हडप्पाकालीन अवशेषांतून हळद आणि आल्याचे कण निघाले.

फायटोलिथसाठी भाताचे तूस लोखंडी वाटीत राख पांढरी होईपर्यंत जाळावे. राखेच्या चिमटीत जोडशिखरी उंचवटे असलेल्या पेशी दिसल्या, तर भाताचे तूस ओळखता आले असे समजावे.

दफनाबाबतचा निष्कर्ष वाचताना मात्र घाई करू नये. शानिदारमधल्या चौथ्या सांगाड्याभोवती फुलांच्या परागकणांचे पुंजके मिळाले, तेव्हा मृताला फुलांवर निजवले होते अशी समजूत झाली. पुढे बिळे करणाऱ्या उंदरांकडे आणि मातीत घरटी करणाऱ्या मधमाश्यांकडे बोट दाखवले गेले. याउलट इस्रायलमधल्या राकेफेत गुहेत कबरीच्या तळाशी फुलांच्या देठांचे प्रत्यक्ष ठसे उमटलेले आहेत आणि तेथे शंकेला जागा कमी आहे. म्हणून अहवाल हाती आला की पहिल्यांदा नमुने कुठून घेतले ते शोधावे. पोटाजवळची माती, डोक्याजवळची, पायांजवळची आणि खड्ड्याबाहेरची असे निरनिराळे नमुने घेतले असतील आणि पोटाजवळच्याच मातीत विशिष्ट कण दाट असतील, तर ते शेवटच्या जेवणाचे असण्याचा संभव वाढतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावच्या प्राचीन वसाहतीत मृत लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत असत. तशा दफनात कुंभाच्या आतली आणि बाहेरची माती वेगवेगळी तपासली गेली पाहिजे.

स्वच्छ, रिकाम्या काचपट्टीचा नमुनाही प्रत्येक वेळी तपासावा. माझ्या एका रिकाम्या पट्टीवर सुबक कण दिसले आणि मी दोन दिवस आनंदात होतो. तो हातमोज्यांना लावलेला मक्याचा स्टार्च निघाला. तेव्हापासून मी पावडर नसलेले हातमोजे वापरतो, पोळ्या लाटल्या जात असताना पट्टी उघडत नाही, आणि वहीत तारीख, वनस्पती, तिचा भाग, भिंगाची क्षमता यांच्याखाली त्या दिवशी डब्यात काय होते तेही लिहितो.