रात्रीच्या जॉब आणि सरकणारं घड्याळ: या चुका टाळा

आपल्याकडे घड्याळ बारा महिने एकाच चालीने चालतं. त्यामुळे रत्नागिरीत बसून अमेरिकेतले सर्व्हर सांभाळणारी पोरं दरवर्षी तीच चूक करतात: जॉब, म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, तिथल्या रात्री 1 ते 3 च्या मध्ये लावतात. न्यूयॉर्कला उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करतात: मार्चच्या दुसऱ्या रविवारी 2 चे थेट 3 होतात, 2:30 येतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते परत मागे घेतात, म्हणून 1:30 दोनदा वाजतात.

अशाच एका नोव्हेंबरात मी मिरकरवाड्यावरून बांगडे घेऊन घरी आलो, सकाळचे अकरा वाजले होते. क्लायंटच्या सर्व्हरवर तेव्हा 1:30. जुन्या ऑर्डरी फाइलमध्ये काढून टेबलातून पुसणारी जॉब नीट चालली. फाइलच्या नावात फक्त तारीख. आपल्या बारा वाजता तिथे परत 1:30 झाले आणि जॉब परत चालली. पुसायला काही उरलंच नव्हतं, म्हणून त्याच नावाची रिकामी फाइल भरलेल्या फाइलवर बसली. आकार 0. आदल्या दिवशीच्या पूर्ण बॅकअपमधून ऑर्डरी परत काढेस्तोवर रात्र झाली.

यात क्रॉनचा, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या प्रोग्रामचा, दोष नाही. डेबियन या लिनक्सचा क्रॉन ठरावीक वेळेची जॉब अशा वेळी दोनदा चालवत नाही. पण टीममधल्या नव्या मुलाने घाईत, दर मिनिटाला घड्याळ बघणारी स्वतःची स्क्रिप्ट लिहिली होती. ‘चालतंय ना’ एवढ्यावर सोडलेल्या कामाचा मला मनापासून राग येतो. फ्लॉक, म्हणजे एकच जॉब एकाच वेळी दोनदा चालू नये म्हणून लावायचं कुलूप, लावूनही इथे भागत नाही. दुसरी फेरी तासाभराने येते, तोवर कुलूप उघडलेलं असतं.

मी सर्व्हर यूटीसीवरच, म्हणजे कधीच न सरकणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवरच ठेवतो. सिस्टमडी टायमरमध्ये (लिनक्समधला जॉब लावायचा दुसरा मार्ग) वेळेच्या मागे यूटीसी लिहितो. फाइलच्या नावात तास-मिनिटं घालतो, आणि त्या दिवसाची फाइल आधीच असेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं. क्लायंट स्थानिक वेळेवर अडून बसला, तर पहाटे 4 नंतरची वेळ मागून घेतो.

‘न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे’ असं पाठ करू नका, हिवाळ्यात साडेदहा होतात. सर्व्हरचा टाइमझोन बदलला की क्रॉन रीस्टार्ट करा. टीझेडडेटा, म्हणजे कुठल्या देशात घड्याळ कधी बदलतं याची सर्व्हरवरची यादी, जुना ठेवू नका. मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतेक भागांत घड्याळबदल बंदच केला.

लंडनलाही घड्याळ बदलतं, पण तारखा वेगळ्या. 2026 च्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लाल पेनाने चार रविवार गोल केलेत: न्यूयॉर्कसाठी 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर, लंडनसाठी 29 मार्च आणि 25 ऑक्टोबर. त्या दिवशी बाजारात जायच्या आधी लॉग बघतो.