सेकंडहँड बाईकच्या मीटरवरचे दिवे: दोष कुठे आणि कसा शोधायचा

जुनी बाईक घेताना मीटरवर लागलेल्या दिव्यांकडे सगळेच बघतात. त्याआधी बघायचे असतात ते न लागणारे दिवे.

चावी फिरवा, सेल्फ मारू नका. न्यूट्रलमध्ये असेल तर हिरवा दिवा लागला पाहिजे. ऑइलचा लाल दिवा, इंजिनचा पिवळा दिवा आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याचाही दिवा लागायला हवा. इंजिनचा दिवा काही गाड्यांत दोन-तीन सेकंदांनी विझतो, काहींत इंजिन सुरू होईपर्यंत राहतो. ऑइलचा दिवा इंजिन सुरू झालं की लगेच विझतो. एबीएसचा मात्र गाडी थोडी धावल्याशिवाय विझत नाही, कारण चाकांचे सेन्सर वाचल्याशिवाय त्या युनिटला सगळं ठीक आहे हे कळतच नाही. तुमच्या मॉडेलचा क्रम गाडीच्या माहितीपुस्तकात असतो; तो आधी वाचून घ्या.

जो दिवा लागायला हवा तो लागलाच नाही, तर बल्ब उडालेला असतो, वायर तुटलेली असते, किंवा गाडी विकायच्या आधी कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असतो. यातला जास्त चलाख प्रकार म्हणजे एका दिव्याची वायर शेजारच्या दिव्याला जोडून देणं. एबीएसचा आणि ऑइलचा दिवा अगदी एकाच क्षणी लागून एकाच क्षणी विझत असतील, तर मीटर उघडून मागची जोडणी बघायला हवी.

ऑइलचा दिवा

बाकीच्या दिव्यांवर शंका घ्यायला हरकत नाही, पण चालू इंजिनवर ऑइलचा दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करायचं. वायरिंगचा विचार नंतर. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून ऑइलची पातळी बघा. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर ऑइल प्रेशर गेज लावून दाब मोजून घेईपर्यंत इंजिन चालवू नका. काही गाड्यांत हा दिवा दाबाचा नसून पातळीचा असतो. तसा दिवा चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर लुकलुकू शकतो.

दाब ठीक निघाला, मगच स्विचकडे वळा. साध्या प्रेशर स्विचचं काम सोपं असतं: दाब नसताना तो वायरीला इंजिनच्या बॉडीशी, म्हणजे अर्थला जोडतो आणि दिवा लागतो. दाब आला की जोड तुटतो. म्हणून चावी ऑन ठेवून, इंजिन बंद असताना, स्विचवरची वायर काढा. दिवा विझला तर वायर चांगली आहे, दोष स्विचमध्ये. वायर काढल्यावरही दिवा लागलेलाच राहिला, तर ती वायर वाटेत कुठेतरी घासून अर्थ झाली आहे. दिवा मुळात लागतच नसेल तर उलटं करा: वायरीचं टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. लागला, तर बल्ब आणि वायर ठीक, स्विच बदला. ही युक्ती फक्त याच वायरीला लागू आहे. ओळख नसलेली वायर अर्थला टेकवली की निदान फ्यूज तरी उडतो.

न्यूट्रलचा दिवाही बहुतेक गाड्यांत याच पद्धतीने चालतो. त्याचा स्विच गिअरबॉक्सवर, बऱ्याचदा पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमागे, चेनच्या ग्रीसच्या काळ्या चिखलात बसलेला असतो. न्यूट्रलला सेल्फ लागत नाही, पण साइड स्टँड वर करून क्लच दाबला की लागतो, असं असेल तर आधी हा स्विच पुसून बघा. गिअरमध्ये असताना क्लच दाबल्यावर न्यूट्रलचा दिवा लागतो, हा आणखी एक चक्रावणारा प्रकार. त्यात बहुधा सेल्फच्या सर्किटमधला छोटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) गेलेला असतो.

मल्टिमीटर घ्या

एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन दिवे एकदम लागले, उदाहरणार्थ एबीएस आणि इंजिन, तर त्या दोन्हींचे पार्ट एकाच दिवशी गेले असण्याची शक्यता फार कमी. दोघांना लागणारा व्होल्टेज किंवा दोघांचा अर्थ बिघडलेला असतो. इथे लोक सेन्सर विकत आणून पैसे घालवतात. साधा डिजिटल मल्टिमीटर त्या सेन्सरपेक्षा स्वस्त पडतो.

गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरी मोजा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा आणि मग पुढचं बघा. अर्धवट बॅटरीवर घेतलेलं कुठलंही माप भरवशाचं नसतं. नंतर सेल्फ मारताना आकडा बघा. तो १० च्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरी संपत आलेली असते. त्या क्षणी व्होल्टेज पडतो म्हणूनच एबीएसचं युनिट दोष नोंदवून दिवा लावून ठेवतं.

आता इंजिन चालू करून ४ ते ५ हजार आरपीएमला बॅटरीवरच मोजा. बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ यावं. रेस दिली तरी आकडा १३ च्या खालीच रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा पार्ट) गेला आहे. तशीच गाडी चालवली तर बॅटरी उकळेल आणि बल्ब उडत राहतील.

चार्जिंग कमी असेल तर स्टेटरपासून (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) रेग्युलेटरकडे जाणारा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, शोधा. त्यात बहुतेक वेळा तीन सारख्या रंगाच्या, बऱ्याच गाड्यांत पिवळ्या, वायरी असतात. मल्टिमीटर लावण्याआधी नुसता डोळ्यांनी बघा: प्लास्टिक तपकिरी पडलंय, एखादी पिन काळी झालीय, वायरीचं आवरण कडक होऊन सोलतंय, तर दोष तिथेच आहे. कपलर चांगला दिसला तर तो काढून तीन वायरींतल्या प्रत्येक जोडीचा रेझिस्टन्स घ्या. तिन्ही आकडे सारखे आणि साधारण १ ओहमच्या आत हवेत. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायला विसरू नका. कुठल्याही वायरीचा इंजिनच्या बॉडीशी जोड दिसता कामा नये. दिसला तर स्टेटर जळला आहे. मग इंजिन चालू करून त्याच तीन जोड्या एसी व्होल्टवर मोजा. तिन्ही सारख्या आणि आरपीएमबरोबर वाढत असतील तर स्टेटर चांगला, संशय रेग्युलेटरवर. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासायची जुनी सवय असेल तर ती सोडा. त्याने रेग्युलेटर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) दोन्ही जाऊ शकतात.

अर्थ तपासायला मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे थेट शिशावर. वायरीच्या क्लॅम्पवर नाही, नाहीतर क्लॅम्पचा सैलपणा मापात येणारच नाही. दुसरी पिन इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर. सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची केबल काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा आणि घट्ट आवळा.

आधीच्या मालकाची कामगिरी

सीट आणि टाकी काढली की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. जादा हॉर्न, फॉग लॅम्प, अलार्म, मोबाइल चार्जर, आणि प्रत्येकाची वायर मूळ वायरीला सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली. असे जोड एकेक करून सुटे करा आणि दरवेळी दिवे तपासा. फ्यूजही बघा: १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा बसवला असेल, तर आधी तिथे काहीतरी शॉर्ट होत होतं असं धरून चला.

बल्ब काढून एलईडी इंडिकेटर लावलेल्या गाडीत एक गंमत होते. एक बाजू लावली की चारही इंडिकेटर मारतात. मीटरमध्ये इंडिकेटरचा एकच दिवा असेल तर तो डाव्या आणि उजव्या सर्किटच्या मध्ये जोडलेला असतो. डावी बाजू लावली की थोडा करंट त्या दिव्यातून उजवीकडे जातो. एवढ्याशा करंटने जुना बल्ब लागत नव्हता, एलईडी लागतो. खात्री करायला मीटरमधला तो दिवा काढून बघा. चारही मारायचं थांबलं, तर तिथे दोन डायोड घालून दिव्याला स्वतंत्र अर्थ द्यायचा. नुसते भराभर मारत असतील तर एलईडीसाठीचा फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट) लागेल.

दिवा मधूनच लागत असेल तर चावी ऑन ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. हँडलच्या मानेपाशी वायरिंग रोज वाकतं आणि आवरण शाबूत असतानाही आतली तार तुटते. हँडलबरोबर दिवा लुकलुकला तर तिथलीच वायर एकेक चिमटीत धरून हलवा.

कोड आणि साफसफाई

इंजिनचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल तर तो दोषाचा आकडा, म्हणजे कोड, सांगतो. अनेक गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक. दोन लांब, एक छोटी, म्हणजे २१. यादी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं तरी आधी त्याचा कपलर उघडा, हिरवा गंज कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा आणि पिना घट्ट बसतात का बघा. एबीएससाठी चाकाजवळच्या सेन्सरचं टोक आणि त्यासमोरची दातेरी रिंग पुसा. रिंग वाकली असेल तर ती बदलावी लागते. दिवा असेपर्यंत साधे ब्रेक लागतात, पण चाक लॉक होऊ शकतं हे धरूनच गाडी चालवा.

वायरी कापण्या-जोडण्याआधी बॅटरीचा मायनस सोडवा आणि जोडताना तो शेवटी जोडा. काम झाल्यावर जुने कोड पुसून घ्या, नाहीतर दुरुस्त झालेला दोषही काही गाड्यांत दिसत राहतो.