नव्या देहाची कादंबरी लिहायला बसताना

माझे वडील गलाईवाले. आमच्या विट्याकडची कितीतरी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली, तसे ते कोइमतूरला गेले. तिथे ते 'सेठ', तमिळ फाडफाड बोलणारे. गावी आले की 'आबा'. पण दोन्हीकडे एक सवय तीच. अंगठी हातात आली की बोलता बोलता तळहातावर दोनदा झेलायचे, वजनाचा अंदाज घ्यायचे.

ओळख बदललेल्या माणसाची विज्ञानकादंबरी लिहायची असेल तर आधी असा एक हात शोधा. माझ्या पहिल्या खर्ड्यात 40 पानं नुसती स्मृती उतरवून घेणाऱ्या यंत्राची होती. नायिका सुमन 41व्या पानावर आली, आणि तिला काय हवंय हे मलाच सांगता येईना. ती पानं बाजूला ठेवली. आठ दिवस वहीत फक्त तिचे हात लिहिले: कुलूप लावल्यावर ओढून कसं बघते, भाकरी थापताना कड कशी फिरवते.

विज्ञानात सवलत एकच घ्या. माझ्याकडे 2085 साली आठवणी नव्या देहात घालता येतात, बाकी सगळं आजच्या नियमांनी चालतं. सवलतीची किंमत मात्र खऱ्या विज्ञानातून काढा. हेन्री मोलायसन नावाच्या अमेरिकन माणसावर 1953 मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नवे प्रसंग त्याच्या लक्षात राहीनात. तरी आरशात बघून चांदणी गिरवायचा सराव दिला तर त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आदल्या दिवशी आपण हे केलंय, हे मात्र त्याला आठवायचं नाही. म्हणजे प्रसंगाची आठवण वेगळी, हाताचं वळण वेगळं. माझी किंमत इथेच मिळाली. सुमनला आईचा शब्द न् शब्द आठवतो, पण भाकरी थापता येत नाही.

मधला भाग सगळ्यात अवघड. तिथे मला वडिलांची भट्टी उपयोगी पडली. अशुद्ध सोन्यात मुद्दाम तिपटीच्या आसपास चांदी घालून वितळवतात, मग ते तेजाबात सोडतात. चांदी, तांबं विरघळून जातं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते, थेट मातीसारखी. लहानपणी मी घाबरून विचारलं होतं, "आबा, सोनं कुठं गेलं?" ते म्हणाले, "हेच की." धुऊन, मुशीत टाकणखार घालून पुन्हा वितळवलं, तेव्हा कुठे ते पिवळं झालं. तुमचं पात्र या भुकटीच्या अवस्थेत पुरेसं राहू द्या. सुमनला मी तिथे 70 पानं ठेवलं. जुनी ती नाही, नवी अजून झालेली नाही. वाचक तिच्याजवळ येतो तो याच पानांत.

बदल वर्णनातून सांगू नका, हाकेतून सांगा. सुमन विट्याच्या एसटी स्टँडवरून घरी येते तेव्हा आई परक्या बाईला म्हणावं तसं म्हणते, "बसा की, चहा टाकते." एवढ्या एका 'बसा'पुढे दोन पानांचं दुःख लिहायची गरज उरत नाही.

ज्या प्रसंगासाठी कादंबरी लिहायची आहे तो आधी लिहून ठेवा, मागचं नंतर भरता येतं. माझा तीनच पानांचा होता. सुमन चुलीपुढे बसते, परातीत पीठ घेते, नवे हात चुकत राहतात. आई दारातून बराच वेळ तिच्याकडे बघते आणि शेवटी न राहवून म्हणते, "कड चिरतीया. मळ की गं अजून."