कामाच्या ठिकाणी सर्वांना सामावून घेणाऱ्या व्यक्तींची दखल कशी घ्यावी

कार्यालयात किंवा कारखान्यात कोणालाही परकेपणा वाटू नये म्हणून झटणाऱ्या माणसांचा गौरव करावा, असे अनेक संस्थांना वाटते. परंतु बहुतेक वेळा शाल-श्रीफळ भाषण करणाऱ्याच्या पदरी पडते आणि प्रत्यक्ष काम करणारा मागच्या रांगेत टाळ्या वाजवत बसतो. हे टाळायचे असेल, तर निवड करताना गौरवमूर्तीपेक्षा आधी त्या व्यक्तीकडे पाहावे, जिचे काम गौरवमूर्तीमुळे सुकर झाले.

बडोद्यात हा विषय निघाला की १९१७ साल आठवतेच. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये दिलेल्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नेमणूक वरच्या हुद्द्याची होती, तरी कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे फायली लांबूनच टाकत, आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कामाठी बागेत बसून त्यांनी तो दिवस काढला आणि अखेर ते मुंबईस परतले. बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. म्हणजे महाराजांचा हुकूम होता, पगार होता, खुर्ची होती. नव्हता तो फायल हातात देणारा शिपाई आणि खोली देणारा घरमालक. आपल्या संस्थेत शोधायची आहेत ती अशी माणसे.

पहिली पायरी: कर्तव्य आणि पुढाकार वेगळे करा

दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा प्रत्येक आस्थापनेकडून समान संधी धोरणाची अपेक्षा करतो, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघराची सोय २०१७ च्या दुरुस्तीपासून आवश्यक ठरली आहे. या गोष्टी केल्याबद्दल पुरस्कार मागणे म्हणजे विजेचे बिल वेळेवर भरल्याबद्दल सत्कार मागण्यासारखे आहे. मात्र ती समिती केवळ कागदावर न ठेवता, कंत्राटी सफाई कामगार महिलेलाही तिच्याकडे जाण्याचा धीर यावा अशी व्यवस्था ज्याने लावली, तो कर्तव्यापलीकडे गेलेला आहे आणि त्याचा विचार अवश्य व्हावा.

दुसरी पायरी: योग्य जागी शोधा

मनुष्यबळ विभागाच्या सादरीकरणात ही माणसे फारशी सापडत नाहीत. बडोद्यातील मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीत एकाच शेडमध्ये गुजराती, मराठी, हिंदी आणि ओडिया बोलणारे कामगार असतात. तिथे शिफ्ट सुरू होण्यापूर्वी सुरक्षिततेची सूचना प्रत्येकाला समजेल अशा भाषेत पुन्हा सांगणारा सुपरवायझर शोधावा. कर्णबधिर सहकाऱ्याला भोंगा ऐकू येत नाही हे ओळखून, भोंग्यासोबत दिवाही लागावा यासाठी देखभाल विभागाच्या मागे लागणारा फिटर शोधावा. रजांचा तक्ता करताना नवरात्रीच्या रात्री, ईद, गणपती आणि छठ या सर्वांचा आधीच विचार करणारी, त्यामुळे ऐनवेळी कोणाला विनवण्या कराव्या लागू न देणारी हजेरी कारकून शोधावी. बैठकीत कनिष्ठ सहकाऱ्याची सूचना दुसऱ्याच्या नावावर खपू लागली, तर ‘ही सूचना यांची होती’ असे तिथल्या तिथे सांगणारा अधिकारीही याच यादीतला. अशा कृती लहान असतात, पण वर्षभर टिकणे अवघड असते, आणि माझ्या मते परीक्षा त्या टिकण्याचीच घ्यावी.

तिसरी पायरी: नावे मागवताना प्रश्न नीट विचारा

‘समावेशनात उल्लेखनीय योगदान देणाऱ्याचे नाव सुचवा’ असे पत्रक लावले, तर साहेबांचे नाव येते. त्याऐवजी असे विचारावे: गेल्या वर्षभरात कोणाच्या वागण्यामुळे आपले काम सोपे झाले, आणि नेमके काय घडले? उत्तर गुजराती, मराठी, हिंदी यांपैकी कोणत्याही भाषेत, लेखी किंवा तोंडी, नाव देऊन किंवा न देता चालावे. कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार, सुरक्षारक्षक आणि कँटीनचे कर्मचारी यांना नाव सुचवण्याचा आणि निवडले जाण्याचाही समान अधिकार असावा, कारण वगळले जाणे म्हणजे काय हे त्यांना अनेकदा अधिक ठाऊक असते.

चौथी पायरी: पडताळणी करा, पण कोणाला उघडे पाडू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होऊ शकते. सुचवलेल्या कृतीची खातरजमा ज्याला तिचा उपयोग झाला त्याच्याकडेच करावी लागते. पण त्याने आपली जात, आजार, दिव्यांगत्व किंवा लिंगओळख कार्यालयात सांगितलेली असेलच असे नाही. म्हणून त्या व्यक्तीशी एकट्याने, तिच्या सोयीच्या वेळी बोलावे, तिच्या संमतीशिवाय तिचा उल्लेख मानपत्रात किंवा छायाचित्रात येऊ देऊ नये, आणि तिने नकार दिला तर कारण विचारू नये. मानपत्राची भाषाही तपासून घ्यावी. ‘यांनी एका बिचाऱ्या दिव्यांग सहकाऱ्याला आधार दिला’ हे वाक्य एकाला मोठे करताना दुसऱ्याला लहान करते. ‘यांच्या आग्रहामुळे दुसऱ्या मजल्यावरचे प्रशिक्षण तळमजल्यावर आले आणि सर्वांना हजर राहता आले’ हे वाक्य केलेले काम सांगून थांबते.

निवड समिती लहान असली तरी चालेल, फक्त ती एकाच विभागातील, एकाच हुद्द्याच्या पुरुषांची नसावी. सुचवल्या गेलेल्या व्यक्तीच्या वरिष्ठाने तिच्याविषयीच्या निर्णयात भाग घेऊ नये. समितीने अंतर्गत समितीकडील गोपनीय तक्रारींचा तपशील मागू नये. निवडीला बाधा आहे की नाही, एवढेच उत्तर घ्यावे.

पाचवी पायरी: गौरव कामी येईल असा द्या

गौरवमूर्तीला आधी विचारावे की सत्कार सर्वांसमोर हवा आहे की वरिष्ठांचे पत्र पुरेसे आहे. व्यासपीठाचा संकोच वाटणारी माणसे याच कामात बरीच असतात. ८ मार्चचा महिला दिन किंवा ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन हे दिवस सोयीचे असले तरी त्या दिवशी भाषणांची गर्दी असते. मासिक सुरक्षा बैठकीत, जिथे सगळी शिफ्ट हजर असते, तिथे केलेला उल्लेख अधिक कानांपर्यंत पोहोचतो. ट्रॉफीसोबत काहीतरी ठोस द्यावे: वार्षिक मूल्यमापनात नोंद, रोख रक्कम, किंवा हे काम करण्यासाठी कामाच्या वेळेतलेच काही तास. अन्यथा महिला, दलित आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांवर आधीच पडलेले हे बिनपगारी काम पुरस्कारामुळे आणखी वाढते.

सत्कारानंतर तीन महिन्यांनी समितीने एकदा फेरी मारून पाहावे. ज्या सोयीसाठी गौरव झाला ती सोय त्या व्यक्तीच्या रजेच्या दिवशीही चालू असते का, हे तपासावे. नसेल, तर ती शिफ्टच्या लेखी कार्यपद्धतीत घालून घ्यावी, तिच्यासाठी लागणारा खर्च विभागाच्या अंदाजपत्रकात दाखवावा आणि तिची जबाबदारी नावाने नव्हे, तर पदाने नेमून द्यावी.