तुरीचा फुलोरा, एकांडी मधमाशी आणि तिच्या घरट्यावर टपलेल्या गांधीलमाश्या

मराठवाडा-विदर्भात मध्यम मुदतीची तूर फुलोऱ्यावर येऊ लागली की सगळ्यांचं लक्ष शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीकडे लागतं. ते बरोबरच आहे. पण याच दिवसांत तुरीच्या फुलांवर एक माशी काम करत असते, जिचं पोळं कुठेच दिसत नाही, कारण ती पोळं करतच नाही. ही पानं कापणारी एकांडी मधमाशी, शास्त्रीय नाव मेगाकायली. गोठ्याच्या छपरातला बांबू, कुडाच्या भिंतीतलं भोक, बांधावरचं पोखरलेलं वाळकं लाकूड ही तिची घरं. अलीकडे काही शेतकरी बांबूच्या नळ्यांचे जुडगे बांधून तिच्यासाठी मुद्दाम घरटी लावत आहेत. त्यांच्याकडून हमखास एक तक्रार येते: घरट्यासमोर गांधीलमाश्या घिरट्या घालतात, काय फवारू?

काहीही फवारू नका. फवारा मधमाशीला आधी लागतो. शिवाय दोष बहुतेक वेळा गांधीलमाशीत नसतो, आपण घरटी कशी लावली यात असतो.

आधी ही माशी राखायची कशासाठी, ते सांगतो. तुरीच्या फुलाच्या खालच्या दोन पाकळ्या जुळलेल्या असतात आणि पुंकेसर त्यांच्या आत झाकलेले असतात. मेगाकायली येऊन बसली की तिच्या वजनाने त्या पाकळ्या खाली दबतात, पुंकेसर बाहेर येतात आणि पराग थेट तिच्या पोटाला लागतो. आपली नेहमीची मधमाशी पराग मागच्या पायांवर नेते. ही मात्र पोटाखालच्या दाट केसांत नेते. म्हणून तुरीत दुपारी पिवळंधमक पोट वर उचलून फुलावर बसलेली माशी दिसली तर ती हीच. तूर स्वतःच्या परागावरही शेंगा धरते, पण परपरागीभवन सरासरी २० टक्क्यांच्या आसपास होतं आणि ठिकाणाप्रमाणे ते बरंच कमी-जास्त असतं. संकरित तुरीच्या बीजोत्पादनात तर माशीवाचून चालतच नाही. पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत तयार झालेला आयसीपीएच २६७१ हा संकरित वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशासाठी प्रसारित झाला. अशा वाणाच्या बियाण्यासाठी मादी ओळ नरवंध्य, म्हणजे स्वतःचा पराग न देणारी, ठेवावी लागते, आणि तुरीचा पराग जड व चिकट असल्याने वारा तो नेत नाही. या ओळीवरून त्या ओळीवर नेणारी माशीच.

घरटं आतून कसं असतं

गुलाब किंवा बोगनवेलीच्या पानांच्या कडेला सुबक गोल कापे दिसले की अनेकजण अळी समजून औषध शोधायला लागतात. ते काम या माशीचं असतं आणि झाडाला त्याने तोटा होत नाही. कापलेले तुकडे ती नळीत नेते, गुंडाळून एक कप्पा करते, त्यात पराग आणि मकरंद कालवून ठेवते, वर एक अंडं घालते आणि गोल तुकड्यांनी तोंड बंद करते. नळी उभी चिरून पाहिली तर हे कप्पे एकामागे एक लावलेल्या विड्यांसारखे दिसतात. एका नळीत साधारण पाच ते दहा कप्पे भरतात. आतल्या बाजूच्या कप्प्यांत बहुधा माद्या आणि तोंडाजवळच्या कप्प्यांत नर असतात. फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर निपजतो, त्यामुळे कुठे काय घालायचं हे मादीच्या हाती असतं. नळी आखूड असेल तर नरच जास्त होतात आणि पुढच्या पिढीला घरटी करणाऱ्या माद्या कमी पडतात.

हा बंद कप्पा म्हणजे गुबगुबीत अळी आणि तिचा शिधा एका जागी. त्यावर जगणाऱ्या गांधीलमाश्यांची कुळंच्या कुळं आहेत.

टपणाऱ्या कोण कोण

मधमाशी, मुंगी आणि गांधीलमाशी हे तिघे एकाच गणातले, पटलपंखी कीटक. मधमाश्या तर शिकारी गांधीलमाश्यांच्याच वंशातून निघाल्या. कीटक पकडून पिलांना घालण्याऐवजी पराग घालू लागल्या. आपल्या विषयापुरते गांधीलमाश्यांचे दोन गट ध्यानात ठेवले तरी पुरे. एका गटात मादीची अंडनलिका अंडी घालण्यासाठीच आहे, दुसऱ्या गटात तिचा डंख झाला आहे. पहिल्या गटातल्या कॅल्सिड माश्या तुमच्या ओळखीच्या आहेत: अळीची अंडी मारायला पिकात लावतात त्या ट्रायकोकार्डवर येतो तो ट्रायकोग्रामा त्यांतलाच. म्हणजे घाटेअळीची अंडी मारणारा आणि मधमाशीचं पिल्लू मारणारा, दोघे भाऊबंद. एकाला मारायला फवाराल तर दुसराही जाईल.

नळ्यांवर सहज नजरेस पडते ती ल्युकोस्पिस. काळी-पिवळी, मागच्या मांड्या फुगीर, आणि खूण म्हणजे अंडनलिका पाठीवरून वर वळवून ठेवलेली. ती फार घाईत नसते. नळीवर उतरून शृंगिकांनी, म्हणजे डोक्यावरच्या मिशांनी, टपटप करत पुढे-मागे चालते, एका जागी थांबते, मागचा भाग उंच करते, पाठीवरची नलिका सोडवून सरळ खाली रोवते आणि भिंतीतून भोक पाडू लागते. हे काम बराच वेळ चालतं. तेवढ्यात तुम्ही बोट जवळ नेलंत तरी ती लगेच उडत नाही. आत वाढ पूर्ण झालेल्या मधमाशीच्या अळीजवळ अंडं पडतं. त्यातून निघालेली अळी आधी कप्प्यातली दुसरी प्रतिस्पर्धी अंडी-अळ्या संपवते, मग मधमाशीच्या अळीला बाहेरून चिकटून तिला शोषते. एका कप्प्यातून एकच ल्युकोस्पिस निघते. तिच्या नलिकेची लांबी ठरलेली असल्यामुळे जाड भिंतीच्या नळीत तिचं काही चालत नाही. बांबू निवडताना हे लक्षात असू द्या.

मोनोडॉन्टोमेरस तीन-चार मिलिमीटरची, चकचकीत हिरवी-निळी, डोळे लालसर. ती फटीतून किंवा नळीच्या मागच्या उघड्या बाजूने शिरते आणि कोषातून नलिका आत घालते. इथे एका कोषात अनेक पिलं वाढतात आणि सगळी एकाच बारीक भोकातून बाहेर पडतात. कोषाला टाचणीएवढं एकच भोक आणि आत पोकळ, ही तिची निशाणी.

पण ज्याने नळ्या लावल्या आहेत त्याने खरी भीती बाळगावी ती मेलिटोबियाची. जेमतेम एक मिलिमीटरहून थोडी मोठी, काळपट, उडण्यापेक्षा चालणारी. डोळ्याला धुळीचा कण वाटेल. एका मधमाशीच्या अळीवर तिची शेकडो पिलं वाढतात आणि उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पिढी पुरी होते. त्यांत ९५ टक्क्यांहून जास्त माद्या असतात. नर आंधळा, खुरटलेल्या पंखांचा. जिथे जन्मला तिथेच मरतो. मीलन न झालेली मादीसुद्धा अडत नाही: ती आधी थोडी अफलित अंडी घालते, त्यांतून निघालेल्या नराशी मीलन करते आणि मग मोठी वीण घालते. आखूड पंखांच्या माद्या त्याच घरट्यात पुढचा कप्पा कुरतडतात, लांब पंखांच्या दुसरी घरटी शोधतात. एकमेकींना खेटून बांधलेल्या नळ्यांत एक मादी शिरली तरी हंगाम संपेपर्यंत अख्खा जुडगा पोकळ होऊ शकतो. मधमाशी आणि कुंभारमाशी दोन्ही तिला चालतात, त्यामुळे गोठ्यातल्या जुन्या मातीच्या घरट्यांतूनही ती येते.

नळ्यांच्या तोंडासमोर हवेत तरंगणारी, लांब मानेची, बारीक अंगाची, मागच्या तंगड्या फुगलेली माशी दिसते ती गॅस्टेरप्शन. तिची अळी मधमाशीचं अंडं किंवा लहान अळी खाते आणि मग साठवलेल्या परागावर वाढते. हिच्यामुळे मोठं नुकसान सहसा होत नाही.

दुसऱ्या, डंखवाल्या गटात रत्नासारख्या चमकणाऱ्या हिरव्या-निळ्या माश्या येतात, क्रायसिडिडी कुळातल्या. घरमालकीण पराग आणायला गेली की या उघड्या कप्प्यात अंडं घालून निघून जातात. पकडलं तर अंगाचा गोळा करतात, माणसाला डंख मारत नाहीत. आपल्याकडे भिंतींवर दिसणाऱ्या बऱ्याचशा कुंभारमाश्यांच्या घरट्यांवर जगणाऱ्या असतात, त्यामुळे प्रत्येक चकाकणारी माशी मधमाशीवरच उठली आहे असं समजू नका. जमिनीत बीळ करणाऱ्या एकांड्या माश्यांच्या बांधावर मुंगीसारखी, केसाळ, रंगीत पट्ट्यांची बिनपंखी माशी पळताना दिसेल. ती म्युटिलिडी कुळातली मादी. तिला हात लावू नका, डंख फार दुखतो. मुलांनाही सांगून ठेवा. फिलांथस जातीच्या माश्या वेगळ्या रीतीने वागतात: फुलावरची पूर्ण वाढलेली मधमाशीच पकडून डंखाने लुळी करतात आणि जमिनीतल्या बिळात पिलांसाठी नेतात. घरट्याच्या नळ्यांशी त्यांचा संबंध नाही.

ज्यांना विनाकारण मारलं जातं

तुमच्या नळीचं तोंड मातीने बंद असेल तर ते गांधीलमाशीचं घर असण्याची शक्यता आहे, आणि ती तुमच्या कामाची आहे. कुंभारमाश्यांच्या काही जाती नळीत लुळ्या केलेल्या अळ्या भरतात, काही कोळी भरतात. मात्र काही मधमाश्याही माती वापरतात, तर काही झाडाची राळ, त्यामुळे माती दिसली म्हणून नळी फोडू नका. तोंडातून वाळलेल्या गवताची काडी लोंबत असेल तर ती गवत वाहणारी गांधीलमाशी. ती नाकतोड्याच्या जातीचे कीटक धरते. या कुणीही मधमाशीचं घरटं लुटत नाही. फक्त जागा घेतात. जागा कमी पडत असेल तर नळ्या वाढवा.

आता करायचं काय

नळ्या ६ ते १० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या, १५ सेंटिमीटरच्या आसपास लांब, जाड भिंतीच्या आणि मागे पेर राखून कापलेल्या घ्या. मागची बाजू उघडी राहिली तर मोनोडॉन्टोमेरसला दार मिळतं. पेर नसेल तर ओल्या मातीने घट्ट बुजवा. चिरलेला बांबू वापरू नका. तोंड पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे, जमिनीपासून एक ते दीड मीटर उंच, पावसाचे थेंब आणि दुपारचं कडक ऊन चुकेल असं. आधाराच्या खांबाला ग्रीसचा पट्टा लावा, मुंग्या चढणार नाहीत.

शंभर नळ्यांचा एक मोठा जुडगा दिसायला छान वाटतो, पण मी तो लावू नका असंच सांगेन. पंधरा-वीस नळ्यांचे लहान जुडगे करा आणि शेताच्या निरनिराळ्या बांधांवर टांगा. निसर्गात ही घरटी विखुरलेली असतात, परोपजीवीला एकेक शोधावं लागतं. आपण शंभर एका जागी मांडली की त्याचं काम सोपं होतं. गोठ्यातली जुनी, रिकामी मातीची घरटी जवळ असतील तर जुडगा तिथे नको.

फुलोऱ्यात आठवड्यातून एकदा सकाळी नळ्या बघा. भरलेल्या नळ्या काढून मांजरपाटाच्या पिशव्यांत, एका पिशवीत पाच-सात, तोंड घट्ट बांधून सावलीत टांगा आणि त्यांच्या जागी नव्या लावा. पातळ मलमल किंवा मच्छरदाणी चालणार नाही, मेलिटोबिया त्यातून जाते. पिशवी रोज सकाळी उजेडात धरून उघडायची. केसाळ, जाडसर माश्या सोडून द्या. बारीक हिरव्या किंवा काळ्या माश्या कापडावर चालताना दिसल्या तर तिथेच चिरडा. आपल्या उबदार हिवाळ्यात या मधमाश्या वेगवेगळ्या वेळी निघतात, त्यामुळे पिशव्या बांधून महिनाभर विसरलात तर माश्याच आत मरतील. एवढी राखण जमणार नसेल तर पिशवीच्या भानगडीत पडू नका, नळ्या जागेवर राहू द्या. मेलिटोबिया आढळलेली पिशवी मात्र नळ्यांसकट जाळा. इथे हात आखडू नका.

कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी मेगाकायली रोटुंडाटा मोठ्या प्रमाणावर पाळतात. तिथे कोष ३० अंश सेल्सिअसला ठेवल्यावर टेरोमॅलस नावाची परोपजीवी माशी आठव्या ते तेराव्या दिवसात निघते आणि मधमाशी त्यानंतर. मधल्या काळात अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावून खाली पाण्याचं ताट ठेवतात, परोपजीवी उजेडाकडे जाऊन पाण्यात पडतात. आपल्याकडे माश्या एकदम निघत नसल्याने ही पद्धत जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण नळ्या साठवलेल्या अंधाऱ्या खोलीत बारीक दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं ताट ठेवायला हरकत नाही. त्यात रात्रीतून काय पडलं ते सकाळी पाहिलं की खोलीत परोपजीवी आहेत का, हे कळतं.

ल्युकोस्पिस दिसली तर सकाळच्या फेरीत हातजाळीने पकडा, एवढंच. बांधावरच्या रानातल्या घरट्यांत हात घालू नका. तिथे मधमाशी आणि गांधीलमाशी दोघींचा हिशेब पूर्वीपासून चालत आला आहे.

घाटेअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे, पक्षीथांबे, कळी लागताना ५ टक्के निंबोळी अर्क आणि लहान अळ्या दिसताच एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) ५०० एलई (अळी-समतुल्य मात्रा) प्रति हेक्टर इथपासून सुरुवात करा. विषाणू फक्त घाटेअळीला लागतो, माश्यांना नाही. अळीच्या अंगात अंडी घालणारी कॅम्पोलेटिस ही गांधीलमाशीही त्यामुळे वाचते. पुढे रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर ते सूर्य कलल्यावर, माश्या घरट्यात परतल्यावर मारा, आणि बांधावरचे जुडगे आदल्या संध्याकाळी पोत्याने झाकून दुसऱ्या दिवशी उशिरा उघडा. नळ्यांवर किंवा त्यांच्या आसपास कसलीही पावडर, खडू किंवा मच्छरांचा फवारा नको.

तूर काढल्यावर रिकाम्या झालेल्या नळ्या पुढच्या वर्षी पुन्हा वापरू नका. त्यांत उरलेल्या कोषांत परोपजीवी दडून राहतात. त्या चुलीत घाला आणि पावसाळा सरता सरता नवा बांबू कापा. लाकडाच्या ठोकळ्यांना भोकं पाडून घरटी केली असतील तर आत कागदाची सुरळी घालून ठेवा. हंगामानंतर सुरळी ओढून काढली की ठोकळा मोकळा होतो.