सहावी ते आठवीच्या इंग्रजी परीक्षेसाठी घरच्या घरी वाचन-लेखनाचा सराव

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे मराठी माध्यमाच्या शाळेतील मूल सहावीत येते तेव्हा त्याने हा विषय पाच वर्षे हाताळलेला असतो. तरीही परीक्षेत अपठित उतारा समोर आला की तो पुस्तकातला नाही एवढ्याच कारणाने पुष्कळ मुले थबकतात, आणि ‘तुमच्या गावाविषयी पाच वाक्ये लिहा’ असे विचारले की गाईडमधला पाठ केलेला निबंध आठवण्याची धडपड सुरू होते. याचे कारण मुलांच्या बुद्धीत नसून सरावाच्या पद्धतीत आहे. प्रश्नोत्तरे फळ्यावरून वहीत उतरतात, वहीतून पाठ होतात आणि पेपरात उतरतात. या साऱ्या प्रवासात मुलाला एकही वाक्य स्वतः तयार करावे लागत नाही. पाठांतराला जाणारा वेळ कमी करून तो रोज एक छोटा उतारा नीट वाचण्यासाठी आणि रोज चार-पाच वाक्ये स्वतःच्या मनाने लिहिण्यासाठी दिला, तर परीक्षेतील गुण आणि भाषा या दोन्ही गोष्टी साधतात, असे माझे ठाम मत आहे. २०२३ मध्ये झालेल्या नियमबदलामुळे पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे पुन्हा आवश्यक झाले आहे, त्यामुळे हा सराव परीक्षेच्या तोंडावर सुरू न करता सहावीपासूनच अंगवळणी पाडावा.

या लेखातील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, ती वाचताना सोयीचे जावे म्हणून. मुलांनी वहीत मात्र ती इंग्रजी लिपीतच लिहायची आहेत.

वाचनासाठी काय निवडावे

सरावाची सुरुवात चालू इयत्तेच्या पुस्तकापासून न करता एक-दोन इयत्ता मागच्या पुस्तकापासून करावी. सातवीच्या मुलाने पाचवीचे इंग्रजीचे पुस्तक पुन्हा वाचण्यात कमीपणा काहीच नाही. उलट सगळे वाक्य एका दमात समजण्याचा आनंद त्याला तेथे मिळतो आणि पुढचे वाचण्याची हिंमत येते. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. तेथे इंग्रजी माध्यमाच्या तिसरी-चौथीची इंग्रजीची पुस्तकेही आहेत, आणि मराठी माध्यमाच्या सहावी-सातवीच्या मुलांना अपठित उताऱ्याच्या सरावासाठी ती फार उपयोगी पडतात. उतारा निवडताना एक ढोबळ कसोटी लावावी: दहा ओळींत पाचांपेक्षा अधिक शब्द अडत असतील, तर तो उतारा दोन महिन्यांनी वाचण्यासाठी बाजूला ठेवावा.

एक सवय मात्र पहिल्याच दिवसापासून मोडायला हवी. इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी उच्चार लिहून ठेवण्याची पद्धत घरोघरी दिसते. असे केले की मुलाची नजर वरच्या देवनागरी ओळीवरूनच पुढे सरकते, खालच्या इंग्रजी अक्षरांशी तिची गाठच पडत नाही, आणि मग वाचन चांगले असूनही स्पेलिंग का येत नाही, असा प्रश्न पालकांना पडतो. उच्चार अडला तर तो मोठ्यांना किंवा शिक्षकांना विचारावा आणि तो शब्द चार-पाच वेळा मोठ्याने वाचावा. पुस्तकावर मात्र लिहू नये.

एक उतारा, तीन वेळा

पुढील उतारा पाहा. ‘मीना लिव्ह्ज निअर द रिव्हर. एव्हरी मॉर्निंग शी वॉटर्स द प्लँट्स बिफोर शी गोज टु स्कूल. लास्ट वीक शी डिड नॉट गो टु स्कूल बिकॉज इट रेन्ड हेविली अँड द ब्रिज वॉज अंडर वॉटर.’

पहिल्या वाचनात कोठेही न थांबता, अडलेला शब्द ओलांडून, शेवटपर्यंत जावे आणि उतारा कोणाविषयी आहे व काय घडले, एवढेच मराठीत एका वाक्यात सांगावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्यातील क्रियापदाखाली रेघ ओढावी. लिव्ह्ज, वॉटर्स, गोज, डिड नॉट गो, रेन्ड, वॉज असे शब्द वेगळे काढले की पहिली दोन वाक्ये नेहमी घडणाऱ्या गोष्टीची आहेत आणि तिसरे घडून गेलेल्या गोष्टीचे आहे, हे मुलाला आपोआप दिसते. ‘वॉटर’ हा शब्द एकदा ‘पाणी घालणे’ आणि एकदा ‘पाणी’ अशा दोन कामांसाठी आला आहे, हेही रेघ ओढतानाच ध्यानात येते. म्हणूनच शब्दांच्या वहीत नुसता शब्द आणि अर्थ न लिहिता ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्यही उतरवून ठेवावे. तिसरे वाचन मोठ्याने करावे, आणि ते करताना ‘बिफोर’, ‘बिकॉज’ अशा जोडणाऱ्या शब्दांपाशी किंचित थांबावे, म्हणजे लांब वाक्याचे दोन सोपे तुकडे कानालाच कळतात.

यानंतर प्रश्नांकडे वळावे. ‘व्हेअर डज मीना लिव्ह?’ या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात जसेच्या तसे आहे, तरी अनेक मुले ‘मीना डज लिव्ह निअर द रिव्हर’ किंवा ‘मीना लिव्ह निअर द रिव्हर’ असे लिहितात. मराठीत ‘मीना कुठे राहते?’ आणि ‘मीना नदीजवळ राहते’ या दोन्हींत क्रियापद तेच राहत असल्यामुळे, प्रश्नातील क्रियापद उचलून उत्तरात ठेवणे मुलांना स्वाभाविक वाटते. इंग्रजीत मात्र साध्या होकारार्थी उत्तरात ‘डज’ गळते आणि त्याच्यातला ‘एस’ क्रियापदाला जाऊन लागतो. ‘डिड’ गळते तेव्हा भूतकाळ क्रियापदातच दाखवावा लागतो, म्हणून ‘डिड शी गो’ या प्रश्नाच्या उत्तरात ‘शी वेंट’ येते. हा एक मुद्दा वेगवेगळ्या प्रश्नोत्तरांच्या जोड्या करून आठवडाभर घोटला, तर उताऱ्यावरील प्रश्नांत वाया जाणारे पुष्कळ गुण वाचतात.

‘व्हाय डिड मीना स्टे ॲट होम लास्ट वीक?’ हा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण ‘स्टे’ आणि ‘होम’ हे दोन्ही शब्द उताऱ्यात नाहीत. शाळेत गेली नाही म्हणजे घरी राहिली, हा दुवा मुलाने स्वतः जोडायचा असतो. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधत बसणारी मुले येथे अडतात, म्हणून सरावात असा निदान एक प्रश्न रोज असावा. आणि सर्वांत गुणकारी सराव म्हणजे मुलानेच उताऱ्यावर तीन प्रश्न तयार करून भावंडाला किंवा शेजारच्या मित्राला विचारणे, कारण प्रश्न रचताना त्याला उतारा आणि वाक्यरचना या दोन्हींचा कस लावावा लागतो.

स्वतःची वाक्ये लिहिणे

लेखनासाठी एक वेगळी वही घ्यावी, उजव्या पानावर मुलाने लिहावे आणि डावे पान कोरे ठेवावे. विषय अगदी जवळचे असावेत: आज शाळेत काय झाले, आई सकाळी काय काय करते, गावची जत्रा, सुट्टीत केलेले काम. जत्रेवर एखादे सहावीतील मूल साधारणपणे असे लिहिते: ‘माय व्हिलेज नेम इज वडगाव. इन माय व्हिलेज वन बिग टेम्पल. इन जत्रा मेनी पीपल कमिंग. आय व्हेरी लाइक जत्रा.’ या चार वाक्यांत सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मुलाने स्वतः सांगितले आहे, याबद्दल आधी त्याचे कौतुक करावे. ‘फेअर’ हा शब्द आठवला नाही म्हणून वाक्य अडू न देता त्याने ‘जत्रा’ लिहिले, हेही सरावात योग्यच झाले.

आता चुका पाहू. प्रत्येक चुकीमागे मराठी वाक्याचा साचा आहे. ‘माझ्या गावात एक मोठे देऊळ आहे’ हे वाक्य मनात आल्यामुळे गाव आधी आले आणि शेवटचे ‘आहे’ राहून गेले. इंग्रजीत अशा वेळी ‘देअर इज’ने सुरुवात करून ‘देअर इज अ बिग टेम्पल इन माय व्हिलेज’ असे लिहायचे. ‘मेनी पीपल कमिंग’ या वाक्यात ‘आर’ नाही, आणि दरवर्षी घडणाऱ्या गोष्टीसाठी येथे ‘मेनी पीपल कम टु द जत्रा’ एवढेच पुरते. ‘खूप आवडते’ या शब्दक्रमामुळे ‘व्हेरी लाइक’ झाले. ते ‘आय लाइक द जत्रा व्हेरी मच’ असे हवे. गावाच्या नावाचे वाक्य ‘द नेम ऑफ माय व्हिलेज इज वडगाव’ असे होईल.

या सगळ्या चुका एकाच दिवशी लाल पेनाने भरून काढू नयेत. पान लाल झालेले पाहिले की मूल पुढच्या वेळी लिहितच नाही, किंवा चूक होणार नाही एवढेच लिहिते, आणि ही गोष्ट मला फार खटकते. पहिल्या आठवड्यात फक्त क्रियापद पाहावे, दुसऱ्या आठवड्यात शब्दक्रम, मग ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ ही उपपदे, जी मराठीत नसल्यामुळे सर्वांत उशिरा बसतात. दुरुस्त केलेली वाक्ये मुलाने दुसऱ्या दिवशी, मूळ पान झाकून, डाव्या कोऱ्या पानावर पुन्हा लिहावीत. त्याच वाक्यांचा कर्ता आणि काळ बदलून आणखी सराव होतो: ‘आय गो टु द मार्केट’ यावरून ‘माय सिस्टर गोज टु द मार्केट’, आणि त्यावरून ‘येस्टरडे माय सिस्टर वेंट टु द मार्केट’. महिन्याभरात चार वाक्यांची सात-आठ होतात आणि मुद्द्यांवरून परिच्छेद लिहिण्याच्या प्रश्नासाठी वेगळी तयारी फारशी उरत नाही. प्रत्येक मुद्द्याचे एक पूर्ण वाक्य करायचे, एवढेच काम राहते.

पत्रलेखनाविषयी थोडक्यात सांगायचे तर, पत्ता, दिनांक, मायना आणि शेवट यांची मांडणी वर्गात जशी शिकवली असेल तशीच ठेवावी, कारण तेथे स्वतःची कल्पकता दाखवण्याचा काही उपयोग नसतो. मधला मजकूर मात्र स्वतःचा असावा. वर्गशिक्षकांकडे रजेचा अर्ज करताना किती दिवस, का आणि राहिलेला अभ्यास कसा भरून काढणार, ही तीन वाक्ये नीट आली की अर्ज पूर्ण होतो.

स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरे

देवनागरीत आपण साधारणपणे जसे बोलतो तसे लिहितो, म्हणून उच्चारात नसलेले अक्षर लिहिण्याची कल्पनाच मुलांना विचित्र वाटते. अशा शब्दांचे गट करून शिकावे: लाइट, नाइट, राइट, फाइट यांत ‘जी’ आणि ‘एच’ मुके असतात, तर नाइफ, नी, नॉक यांच्या सुरुवातीला मुका ‘के’ असतो. शेवटी ‘ई’ लावला की ‘हॉप’चे ‘होप’ आणि ‘कॅप’चे ‘केप’ कसे होते, हे मुलांना एकदा उमगले की डझनावारी शब्द सुटे पाठ करावे लागत नाहीत. वाचून झालेल्या उताऱ्यातील तीन वाक्यांचे श्रुतलेखन आठवड्यातून दोनदा घ्यावे.

देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेद नसल्यामुळे वाक्याचे पहिले अक्षर, माणसांची आणि गावांची नावे, वार, महिने आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ कॅपिटल लिहायचा, हे मुलांच्या हातून वारंवार सुटते. ते केवळ नजरेचे काम आहे, आणि म्हणूनच इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांनाही ते तपासता येते. त्यांनी वही समोर घेऊन वाक्याची सुरुवात कॅपिटल अक्षराने आहे का, शेवटी पूर्णविरामाचा टिंब आहे का आणि पुस्तकातून उतरवलेला शब्द अक्षरागणिक जुळतो का, एवढे पाहावे. आणि वाचलेल्या उताऱ्याची गोष्ट मुलाकडून मराठीत ऐकावी. इंग्रजी येत नाही म्हणून आपण मुलाला मदत करू शकत नाही, असे मानून जे पालक मागे राहतात, त्यांना मला हे मनापासून सांगावेसे वाटते.

परीक्षेच्या आधीचे दिवस

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत घड्याळ लावून सराव करावा. उतारा आधी एकदा पूर्ण वाचावा, मग प्रश्न वाचावेत आणि उत्तरे शोधण्यासाठी पुन्हा उताऱ्याकडे यावे. आधी प्रश्न वाचणारी बहुतेक मुले नंतर उतारा तुकड्यातुकड्यांतच वाचतात आणि दुवा जोडण्याच्या प्रश्नात फसतात. लेखनाच्या प्रश्नासाठी दोन मिनिटे मुद्दे टिपायला आणि शेवटी पाच मिनिटे तपासायला राखावीत. ती तपासणीही ठरलेल्या क्रमाने करावी: आधी प्रत्येक वाक्यातील क्रियापद, मग कॅपिटल अक्षरे व विरामचिन्हे, आणि शेवटी स्पेलिंग.

उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तृतीय भाषेचे, म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजीचे, २५ प्रश्न ५० गुणांसाठी असतात, सर्व प्रश्न बहुपर्यायी असतात आणि त्याच पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न सोडवायचे असतात. काही प्रश्नांसाठी दोन अचूक पर्याय निवडण्याची सूचना असते, ती घाईत नजरेतून निसटते. तेथे लिहायचे काही नसले, तरी चारांतील योग्य वाक्य ओळखायला वर सांगितलेले क्रियापदाचे भान लागतेच. त्यामुळे लेखनाची वही शिष्यवृत्तीच्या वर्षीही बंद करू नये, फक्त रोजच्या वाक्यांना जोडून दहा बहुपर्यायी प्रश्न वेळ लावून सोडवावेत आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे अचूक वाक्य पूर्ण लिहून काढावे.